चावी फिरवल्यावर

चावी फिरवली, पण न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला नाही. नागेंद्रनं चावी मागं घेतली आणि पुन्हा फिरवली. काही नाही. हॉर्न दाबून पाहिला, तोही मुका. रविवारची सकाळ, साडेनऊ वाजलेले. जिन्यासमोरच्या त्या अरुंद जागेत शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू येत होती आणि गल्लीच्या तोंडाशी मेथीवाला कन्नडमधून ओरडत होता. नागेंद्र पालथ्या बादलीवर बसला. घाबरण्यासारखं खरं तर काही नव्हतं. गाडी चौदा महिने ताडपत्रीखाली उभी होती. ती पहिल्या फटक्यात चालू होणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? गुलबर्ग्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये तो सोळा वर्षं इंजिनच शिकवत होता. गाडी चालू होत नसेल तर काय काय तपासाल, क्रमानं लिहा, हा दहा मार्कांचा प्रश्न त्यानं किती वेळा काढला होता आणि किती गठ्ठ्यांतून तपासला होता. पण हा न लागलेला दिवा त्यानं याआधी एकदा पाहिला होता. असाच वाकून, हीच चावी हातात धरून. तेव्हा मात्र त्यानं काहीच तपासलं नव्हतं.

कॉलेजच्या ऑफिसातला शिवशरण बारा वाजता गाडी बघायला येणार होता. विकून टाकू, असं त्याची बायको मंजुश्री दोन-तीनदा म्हणाली होती, आग्रहानं नाही, ताट वाढता वाढता म्हणावं तसं. त्यानंही हो म्हटलं होतं. म्हणून काल त्यानं बॅटरी काढून कॉलेजच्या लॅबमध्ये चार्जिंगला लावली, संध्याकाळी आणून बसवली. आज सकाळी उठून टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. ते पिवळं पडलं होतं आणि त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. कार्बोरेटरची वाटी मोकळी केली, प्लग काढून पॉलिश कागदानं घासला, नवं पेट्रोल भरलं. हे सगळं करताना मन शांत होतं. हात आपलं काम जाणत होते, आणि हात कामात असले की डोकं जरा मागं राहतं, हे त्याला गेल्या वर्षात चांगलं कळलं होतं. ताडपत्री काढतानासुद्धा काही झालं नाही. उजवीकडचा वाकून सरळ केलेला लेगगार्ड दिसला, त्यावरचा नवा काळा रंग दिसला, आणि नजर पुढं गेली. चावीपाशी येऊन सगळं अडलं.

दिवा नाही म्हणजे वीज नाही. वीज नाही म्हणजे बॅटरीपासून सुरुवात. तो उठला, खोक्यातून टेस्टचा बल्ब घेतला, दोन वायरी बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. बल्ब लख्ख पेटला. त्याच्या उजेडात तळहातावरचं पेट्रोलनं पांढरं पडलेलं कातडं दिसलं. बॅटरी चांगली होती. तो त्या बल्बकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिला. मागच्या वेळी, त्या दुपारी, दिवा लागला नाही तेव्हा त्यानं क्षणात ठरवलं होतं, की बॅटरी मेली. चावी तशीच सोडून तो जिना चढून वर गेला होता. पण तेव्हा गाडी उभी करून तीनच आठवडे झाले होते. तीन आठवड्यांत बॅटरी मरते का? पहिल्या वर्षाच्या पोरानं असं लिहिलं असतं तर त्यानं लाल रेघ मारली असती. मग त्या दिवशी आपल्याला ते कसं पटलं? की पटवून घ्यायचंच होतं?

नोव्हेंबरात ते घडलं. गावाहून, खटकचिंचोळीहून, हुमनाबादला निघाले होते, आत्याच्या नातवाचं बारसं होतं. अप्पा, त्याचे वडील, मागं बसले होते, धुवट धोतर, मांडीवर बाळंतविड्याची पिशवी. कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणून टाकली होती आणि तासाभरापूर्वी वरून शिडकावा होऊन गेला होता. वेग चाळीसच्या आसपास असावा. असावा, कारण मीटरकडं पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्यानंतरचा एक तुकडाच नव्हता. अप्पा जोंधळ्याबद्दल काहीतरी सांगत होते, आणि मग तो रस्त्याच्या कडेला बसला होता, कोपर सोललेलं, कुणीतरी त्याला पाणी पाजत होतं आणि पुलाच्या कठड्यापाशी माणसं वाकून उभी होती. मधलं काही नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हाही त्यानं हेच सांगितलं. त्यांनी पंचनामा केला, ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या घातल्या, आणि संपवलं. पण त्या हरवलेल्या तुकड्यात त्यानं स्वतःच एकेक गोष्ट भरायला सुरुवात केली होती. आपण घाईत होतो. आपण फोनचा विचार करत होतो. समोरची माती आपल्याला दिसली होती आणि तरी ब्रेक लावला नाही. रोज रात्री त्या तुकड्यात काहीतरी नवं सापडायचं आणि सकाळी ते खरंच घडल्यासारखं वाटायचं.

लिंगायतांच्या रीतीनं अप्पांना शेतातच मातीत ठेवलं. आठव्या दिवशी अव्वा, त्याची आई, त्याच्याबरोबर गुलबर्ग्याला आली. एकटी राहून काय करणार, असं सगळे म्हणाले, आणि ती निघाली. एक पत्र्याची पेटी, दोन इरकली लुगडी आणि कमरेची पान-सुपारीची चंची एवढंच घेऊन आली. आजतागायत ती त्याच्याशी त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. जेवलास का, एवढंच विचारायची. तो व्हय म्हणायचा. ताट वाढताना ती तोंड दुसरीकडं करायची हे त्यानं पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. दुपारी ती घरात थांबत नसे. तूरडाळ निवडायचं सूप घेऊन जिन्यात जाऊन बसायची, खालून चौथ्या पायरीवर, पान खात. शेजारच्या बायका विचारायच्या, अव्वा घरात गरम होतं का. ती नुसती मान हलवायची. आपलं तोंड बघायला नको म्हणून ती जिन्यात बसते, असा त्यानं अर्थ लावला होता. आणि तो अर्थ त्याला इतका रास्त वाटला, की विचारायचा प्रश्नच आला नाही. नवरा ज्याच्यामागं बसून गेला, त्याच्या घरात, त्याच्याच भाकरीवर दिवस काढायचे. तिच्या जागी कुणीही जिन्यातच बसलं असतं.

आणि त्या डिसेंबरातली ती दुपार. मंजुश्री शाळेत शिकवायला गेली होती. तो रजेवर होता. त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, गाडीची चावी घेतली. हुमनाबाद रोडला जायचं एवढंच ठरलं होतं. परत यायचं ठरलं नव्हतं. फार विचार केला होता असंही नाही. उलट कितीतरी दिवसांनी डोकं मोकळं होतं, आणि आज मागं वळून बघताना त्या मोकळेपणाचीच त्याला भीती वाटत होती. जिन्यात अव्वा होती. तिनं पाय आवरून वाट दिली. "कुठं?" तिनं विचारलं. "असंच," तो म्हणाला. खाली येऊन चावी फिरवली. दिवा लागला नाही. किक मारली, दहा-बारा वेळा मारली, शर्ट पाठीला चिकटला. आणि मग एक विलक्षण थकवा आला. गाडीसुद्धा आपल्याला नेत नाही, असं मनात आलं, आणि तो वर जाऊन झोपला ते दिवेलागणीपर्यंत. उठला तेव्हा भाकरी भाजल्याचा वास येत होता. त्याला भूक लागली होती. खरोखरची, पोटात ओढ पडावी तशी भूक. त्या संध्याकाळी तो चार भाकरी जेवला. दोन दिवसांनी कॉलेजात गेला. यातलं त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. पण नंतरच्या महिन्यांत, वर्गात पोरं हसली, किंवा मंजुश्रीनं झोपेत त्याच्या अंगावर हात टाकला, किंवा नुसती सकाळच्या उन्हात वाळत घातलेली चादर हलली, की त्याला वाटायचं, हे आपल्याला दिसलं नसतं. आणि मग आभार मानावेसे वाटायचे. पण कुणाचे? एका मेलेल्या बॅटरीचे? हात जोडून उभं राहावं आणि समोर कुणीच असू नये, तसं काहीतरी व्हायचं, आणि ती भावना विरून जायची.

त्यानं बाजूचं कव्हर काढलं. बॅटरीशेजारी फ्यूजची छोटी डबी असते. फ्यूज उडाला असणार, दुसरं काय. डबीचं झाकण नखानं उचकटलं. आत फ्यूज नव्हता. उडालेला नाही, जळालेला नाही, नव्हताच. पितळी चिमटे स्वच्छ, मोकळे. शेजारच्या खणात कंपनी जास्तीचा एक फ्यूज देते, तो खणही रिकामा होता. नागेंद्रनं खाली वाकून पाहिलं, फरशीवर हात फिरवला. पण फ्यूज आपोआप पडत नाही, बोटांनी ओढून काढावा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. आणि दोन्ही फ्यूज काढून झाकण पुन्हा नीट बसवणारी बोटं होती कुणाची तरी.

अपघातानंतर गाडी दुरुस्त करून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मल्लप्पानं आणून दिली होती. नागेंद्रनं त्याला फोन लावला.

"सर, मी कामून काढू?" मल्लप्पा म्हणाला. मागं कुठंतरी लग्नाचा बँड वाजत होता. "गाडी चालवत आणून लावली की तुमच्याकडं. फ्यूज बिगर कशी आली असती?"

"मग कोण काढलं असंल?"

"आता ते मी काय सांगू. थांबा सर. अव्वांनी इचारलं व्हतं मला. गाडी लावली त्याच्यानंतर आठ-पंधरा दिसांनी. गॅरेजवर आल्या चालत. ह्या गाड्यांना फ्यूज असतोय का, कुठं असतोय, म्हणल्या. मी दुसऱ्या गाडीचं कव्हर काढून दाखवलं. मला वाटलं, म्हातारं माणूस, सहज इचारायलंय."

नागेंद्रनं फोन बंद केला. गावाकडच्या विहिरीवरची खोली त्याच्या डोळ्यांसमोर आली. पत्र्याचं दार, आत मोटारीचा स्टार्टर, चिनीमातीचे तीन पांढरे फ्यूज. दर उन्हाळ्यात अप्पा विहिरीत उतरायचे, फुटव्हॉल्व्हमध्ये अडकलेला गाळ काढायला. ते पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी अव्वा खोलीत जाऊन तिन्ही फ्यूज ओढून काढायची आणि चंचीत टाकून चंची कमरेला घट्ट बांधायची. लाईट आली आणि कुणी येड्यासारखं बटन दाबलं तर? म्हणून. अप्पा वर येऊन, अंग पुसून, बिडी पेटवेपर्यंत ती ते कुणाच्या हातात द्यायची नाही. लहानपणी त्यानं एकदा मागितले होते, खेळायला. माणूस खाली असताना मागू नको, म्हणाली होती.

तो जिना चढला. चौथ्या पायरीवर क्षणभर थांबला. तिथून खालची गाडी पूर्ण दिसत होती, हँडलपासून मागच्या नंबरपट्टीपर्यंत. एवढ्या महिन्यांत त्यानं तिथं बसून कधी पाहिलंच नव्हतं.

अव्वा स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलत बसली होती. मंजुश्री आत कणीक मळत होती. त्यानं ओले, काळे हात तसेच ठेवले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"अव्वा, गाडीचा फ्यूज तुझ्याकडं हाय?"

तिनं वर पाहिलं. चौदा महिन्यांत बहुधा पहिल्यांदा तिनं त्याच्या चेहऱ्याकडं सरळ, निवांत पाहिलं, बाजारात बैल घेताना बघावं तसं. मग हातातली शेंग सुपात टाकली, कमरेची चंची सोडली, आणि सुपारी, लवंग, चुन्याची डबी बाजूला सारत आतल्या कप्प्यातून दोन निळे तुकडे काढून त्याच्या तळहातावर ठेवले. दाढेएवढे लहान. त्यांना काताचा वास येत होता.

"पाहिजे तवा मागशील म्हून ठेवलेत," ती म्हणाली. "तू मागितलाच न्हाईस."

कणीक मळणारे हात आत थांबले होते.

"तुला कसं कळलं?" त्यानं विचारलं.

"काय कळायचंय त्यात." ती पुन्हा शेंग सोलू लागली. "आंघोळीला गेलास की गळ्यातलं लिंग काढून देव्हाऱ्यात ठेवायचास, आंघोळ झाली की गळ्यात. जन्मभर तसं. त्या टायमाला चार दिस झाले, लिंग देव्हाऱ्यातच. जित्या माणसाच्या गळ्यातलं ते असं दिसंदिस उतरून ऱ्हात न्हाई. मग मी मल्लप्पाकडं गेले. त्याच राती फ्यूज काढून घेतले."

त्यानं नकळत छातीवर हात नेला. शर्टाखाली लिंगाची चांदीची डबी, करडगी, होती, दोऱ्याला अडकवलेली. ती परत कधी घातली हे त्याला आठवेना. बहुधा त्या चार भाकऱ्यांनंतरच्या सकाळी. तेही अव्वाला आठवत असणार.

"आणि जिन्यात बसायचीस ती..."

"फ्यूज काय, दुकानात मिळतोय. तू शिकलेला माणूस. म्हून बसायची."

तिनं हे अगदी सहज सांगितलं, दूध उतू जाईल म्हणून चुलीपाशी बसले म्हणावं तसं. नागेंद्रला बोलायचं होतं. किती महिने कुणालातरी सांगायचं म्हणून साठवलेलं सगळं सांगायला आता माणूस समोर होतं, दोन हातांवर, शेंगा सोलत. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला वाटायचं, तुझा माझ्यावर राग हाय."

"व्हता की," अव्वा म्हणाली. "खोटं कामून बोलू? पहिले पंधरा दिस लई राग व्हता. ताट वाढताना तुझ्या तोंडाकडं बघू वाटत नव्हतं. हा हाय आणि तो न्हाई, असं वाटायचं." शेंगेतला किडका दाणा तिनं बोटानं उडवून लावला. "मग तू लिंग काढून ठेवलास. त्याच्यानंतर रागवायला येळच घावला न्हाई."

मंजुश्री दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या बोटांना कणीक होती आणि डोळे भरले होते. ती काही विचारणार नाही हे त्याला कळलं, आणि तिला आपण आज सगळं सांगणार हेही कळलं. त्यानं खाली वाकून अव्वाच्या पायांवर डोकं ठेवलं. सणासुदीला ठेवतो तसं टेकवून उचललं नाही, तसंच राहू दिलं. तिच्या पायांना तुरीच्या फोलपटाचा, वाळल्या शेताचा वास होता. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, मग दोनदा थोपटून म्हणाली, "जा. हात काळे हायत तुझे. माझं लुगडं भरंल."

खाली येऊन त्यानं एक फ्यूज चिमट्यात दाबला, दुसरा शेजारच्या खणात ठेवला. चावी फिरवली. हिरवा दिवा लागला. चोक ओढला, किक मारली. पहिल्या तीन किकांना नुसताच श्वास. चौथ्याला एक खोकला. सातव्याला इंजिननं धरलं, घसा बसल्यासारखं, पांढरा धूर सोडत, मग हळूहळू साफ होत. त्यानं ॲक्सिलरेटर सोडून दिला आणि इंजिन आपल्या आपण चालत असलेलं ऐकत उभा राहिला. कुणाचे तरी हात आपल्यावर होते. आपण पाठ करून झोपलो होतो, तोंड फिरवून जेवत होतो, मनात तिच्यावर नाही नाही ते आरोप करत होतो, आणि ते हात हलले नव्हते. ऊन खाली सरकत चाललं होतं. गल्लीतली पोरं क्रिकेटसाठी विटा रचत होती. सगळं नेहमीचंच होतं. फक्त आज हात जोडले तर समोर एक माणूस होतं, पान खाऊन ओठ लाल केलेलं.

शिवशरणला त्यानं फोन करून आज येऊ नको म्हणून सांगितलं. उद्या काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. विकावी की ठेवावी, हा प्रश्न एकदम साधा झाला होता, कपाटाचा रंग कुठला द्यावा इतका साधा. हात धुऊन तो वर आला तेव्हा अव्वाची पत्र्याची पेटी खोलीच्या मधोमध उघडी होती आणि ती लुगड्यांच्या घड्या घालत होती.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"गावाला. पावणेबाराची भालकी गाडी हाय न्हवं?"

"अहो, सांगा की त्यांना," मंजुश्री म्हणाली. "आजच काय काढलंय हे. चार दिवस तरी."

"तुरीची रास व्हायलीय, मंजू. गेल्या साली दुसऱ्याच्या भरवशावर टाकलं, निम्मं कबुतरांनी खाल्लं. आता मला जाऊ दे." तिनं पेटीची कडी लावली. "मी काय इथं राह्यला आले नव्हते."

त्या वाक्यात चौदा महिने होते. चौदा महिने ती आपल्या घराबाहेर, आपल्या दुःखाबाहेरसुद्धा, एका परक्या जिन्यात बसून होती. अप्पांसाठी तिला रडताना त्यानं पाहिलं नव्हतं. रडली नाही असं नाही, ते तिनं बाजूला ठेवलं असणार, काम संपल्यावर करायचं म्हणून. आता तिला शेतात जायचं होतं, जिथं अप्पा मातीत होते. तिला अडवायचा आपल्याला काही अधिकार नाही हे त्याला कळलं, आणि तो पेटी उचलायला वाकला.

"रिक्षा बोलवतो."

"रिक्षा कशाला? गाडी चालू झाली न्हवं?"

ती खरंच बोलत होती. मंजुश्रीनं त्याच्याकडं पाहिलं. पेटी संध्याकाळच्या गाडीनं पाठवते, ड्रायव्हरकडं देते, असं ती घाईघाईनं म्हणाली, आणि एका पिशवीत दोन भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि पाण्याची बाटली भरून दिली. खाली अव्वा गाडीभोवती एक चक्कर मारून आली. मागं कसं बसायचं हे तिला ठाऊक नव्हतं. उभ्या आयुष्यात ती मोटरसायकलवर बसली नव्हती. नागेंद्रनं पायाची पट्टी दाखवली. ती एका बाजूनं बसली, पदर कमरेला खोचला, पिशवी मांडीवर घेतली, आणि दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. हात जड होता, खुरप्याच्या घट्ट्यांचा.  त्यानं पहिला गियर टाकला आणि क्लच इतका हळू सोडला, की गाडी निघाली हे मंजुश्रीला चाक हललं तेव्हा कळलं.

गल्ली संपली, मोठा रस्ता आला. तो अगदी कडेनं चालला होता. पुढं वाळूचा एक लहानसा ढीग दिसला आणि त्यानं वीस पावलं आधीच ब्रेक धरला. एक सायकलवाला त्यांना मागं टाकून गेला. मग कडब्याची एक बैलगाडी बरोबरीनं चालू लागली, आणि गाडीवानानं वळून दोघांकडं कुतूहलानं बघितलं. खांद्यावरचा हात तसाच होता, ना आवळलेला ना सैल. चौकाच्या घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते.

अव्वा पुढं वाकली. "नागू," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "जरा जोरानं चालव की. गाडी चुकंल माझी."